पुडी विरुद्ध ट्रॉली : विरार फास्ट फॅक्ट्स!

वसई-विरारकरांनो, चौथी सीट मिळाली असेल तर आरामात वाचा. उभे असाल तर एका स्टेशनाला एक फॅक्ट!

बोर्डावरच मिक्स मसाला
'किराणा दुकान' ही पाटी बघा. 'किराणा' आला संस्कृत 'क्रयाणक'वरून, म्हणजे विकत घ्यायचा माल. 'दुकान' आलं अरबी-फारसीतून. एकाच पाटीवर देशी आणि इम्पोर्टेड!

इम्पोर्टचं आपल्याला काय नवल?
पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात सोपाऱ्याचं नाव आहे. तेव्हा इथे गलबतं लागायची. आता वाण्याच्या दारात टेम्पो लागतो.

हात लावू नका!
माहीत आहे का, पूर्वी काउंटरच्या पलीकडे जायची गिऱ्हाइकाला मुभाच नव्हती. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसच्या 'पिगली विगली' या दुकानाने त्याला थेट फडताळापाशी सोडलं. नोकर कमी लागले आणि पिशव्या जास्त भरल्या.

ट्रॉलीला ढकलणार कोण?
१९३७ साली ओक्लाहोमात सिल्व्हन गोल्डमनने ट्रॉली आणली, पण कुणी हातच लावेना! पुरुषांना कमीपणा वाटे, बायकांना बाबागाडीची आठवण होई. शेवटी पठ्ठ्याने पगारी माणसं आणून दुकानात ट्रॉल्या फिरवल्या. बघून बघून बाकीचे शिकले.

नायगाव, पण आपलं नव्हे
'अपना बाजार' हे सहकारी दुकान १९४८ साली सुरू झालं नायगावात. थांबा, उतरू नका! हे दादरजवळचं नायगाव. पुढे याच अपना बाजारची नेरुळमधली फ्रँचायझी राधाकिशन दमाणींनी चालवून पाहिली आणि २००२ साली पवईत पहिलं डीमार्ट उघडलं.

मग तिथे स्वस्त का?
जादू नाही, हिशोब आहे. डीमार्ट बहुतेक जागा भाड्याने न घेता विकतच घेतं, माल घाऊक उचलतं आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकवतं. लवकर पैसे म्हणजे जास्त सूट. कोपऱ्यावरचा वाणी एजन्सीकडून दोन-चार खोकी घेणार. त्याला ती सूट कुठून मिळणार?

पण हे मॉलमध्ये मिळेल?
रात्रीचे साडेदहा. विरार लोकल रिकामी झाली. "शेठ, पाव किलो तूरडाळ, दहाची मोहरी. लिहून ठेवा." शेठ वही ओढतो, कानावरची पेन्सिल काढतो. "ताई, मागचे चाळीस आहेत बरं!" आणि तरीही पुडी बांधतो. बिनव्याजी, बिनकागदी, बिनओटीपी कर्ज! 'उधारीचं पोतं सव्वा हात रितं' ही म्हण दोघांनाही पाठ आहे, पण वही काही बंद होत नाही.

छापील किमतीची गंमत
एमआरपी म्हणजे भाव नव्हे, भावाची कमाल मर्यादा! कमी घ्यायला दुकानदार मोकळा आहे, जास्त घ्यायला नाही. बाटली 'थंड करण्याचे' दोन रुपये वर मागितले, तर तेही बेकायदा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

मोठं ते स्वस्त?
नेहमीच नाही! दुकानात तोरणासारखे लटकणारे शाम्पूचे पाऊच बघा. कित्येकदा मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा पाऊचच स्वस्त पडतो. 'फॅमिली पॅक' दिसला की फॅमिलीतल्या गणितवाल्याला पुढे करा.

काट्याचाही बर्थडे
माहीत आहे का, इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी करून घ्यावी लागते. वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का काट्यावर शोधा. काटा शून्यावर आहे ना, तेही बघा. नाहीतर किलोची डाळ घरी येईपर्यंत डाएटवर जाते!

जे ट्रॉलीत नाही
आगाशीची सुकेळी! राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला हा वसईचा गोडवा. त्यासाठी गावातलं दुकान आणि ओळखीचा दुकानदारच गाठावा लागतो.

मग जिंकलं कोण?
महिन्याची यादी ट्रॉलीत, रात्रीची फोडणी पुडीत. पाकिटावर आता एमआरपीसोबत ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापावा लागतो. पुढच्या खरेदीला 'ऑफर'च्या लाल अक्षरांआधी ती बारीक ओळ वाचा. चष्मा न्या!