महालक्ष्म्यांच्या घरातील स्मृतिभ्रंश

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा दिवस ठरलेल्या क्रमाच्या आधारावर उभा असतो आणि सण नेमका तोच क्रम मोडतो. उठण्याची, जेवणाची, औषधाची वेळ बदलते, रोजची खाट हलवली जाते, ओळखीच्या घरात अनोळखी वाटणारी माणसे वावरू लागतात. त्यामुळे घरातील इतरांना जे दिवस वर्षभरात सर्वांत आनंदाचे वाटतात, तेच या माणसाला सर्वांत कठीण जातात. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 85 टक्के लोक खेड्यांत राहत होते. नोकरीधंद्यासाठी पुण्याला, नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेलेली मुले गावातल्या आईवडिलांकडे एकत्र जमतात ती बहुधा भाद्रपदातील महालक्ष्म्यांना, म्हणजेच ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींच्या सणाला, आणि घरातला आजार अनेकदा त्यांच्या ध्यानात येतो तोही त्याच तीन दिवसांत.

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नव्हे. मेंदूतील पेशींची हानी होऊन स्मरण, भाषा, दिशा आणि निर्णय यांची शक्ती रोजचे जगणे अवघड होईपर्यंत घटत जाते, अशा अनेक विकारांचे ते समान नाव आहे. त्यांपैकी 60 ते 70 टक्के रुग्णांमध्ये अल्झायमर हा आजार कारणीभूत असतो, ज्याचे पहिले वर्णन जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये केले. भारतातील 60 वर्षांवरील लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला, आणि हे प्रमाण स्त्रियांत व ग्रामीण भागात अधिक आढळले. तरीही गावात त्याला आजही ‘म्हातारचळ’ म्हणतात आणि वयाचा भाग समजून सोडून देतात. हा शब्द जितका निर्दय आहे, तितकाच चुकीचा आहे.

महालक्ष्म्या उभ्या करणे हे मोठ्या नियोजनाचे काम असते. कोथळ्यांत धान्य भरणे, मुखवटे बसवणे, साड्या नेसवणे, सोळा भाज्यांची जमवाजमव, पुरण, आंबील, फुलोरा ही सारी कामे एका क्रमाने मनात धरून एकामागून एक पार पाडावी लागतात, आणि ज्या क्षमतेमुळे हे साधते, तिलाच मेंदूविज्ञानात कार्यकारी क्षमता म्हणतात. चाळीस वर्षे हा सण एकटीने पेललेली आई पुरण शिजत ठेवून विसरते किंवा पूजनाच्या दिवशी आवाहनाची तयारी विचारू लागते, तेव्हा तिच्यावर चिडण्याऐवजी ती खूण ओळखायला हवी. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि उपचारांनी तो कमी होऊ शकतो. म्हणून आधी तपासणी झाली पाहिजे.

निदान झालेल्या माणसाच्या घरी पहिली इजा बहुधा प्रेमानेच होते. आलेला प्रत्येकजण पायांवर डोके ठेवून ‘मला ओळखलं का?’ असे विचारतो, आणि उत्तर न सुचलेली म्हातारी व्यक्ती दहा माणसांदेखत ओशाळते. त्याऐवजी ‘आत्या, मी तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा, पुण्याहून आलो’ असे स्वतःहून सांगितले, तर तिला परीक्षा द्यावी लागत नाही. पाहुण्यांनी एकेक-दोघे करून भेटावे, आणि गोंगाटापासून दूर अशी एक खोली त्या व्यक्तीची नेहमीची खाट तिथेच ठेवून राखून ठेवावी. दिवस मावळताना अनेक रुग्णांची बेचैनी वाढते, ते ‘घरी चला’ म्हणून हट्ट धरतात. नेमकी तीच वेळ आरतीची, हळदीकुंकवाची आणि गर्दीची असते. साडी नेसवून उभ्या केलेल्या महालक्ष्म्या अंधुक उजेडात खऱ्या बायका वाटून अशी व्यक्ती रात्री घाबरूही शकते, तेव्हा वाद न घालता दिवा लावून जवळ बसणे हाच उपाय असतो.

मात्र या अडचणींमुळे तिला सणातूनच बाजूला करणे हा मोठा अन्याय ठरतो. हातांना मुरलेली कामे मेंदूच्या ज्या भागांत साठवलेली असतात, ते भाग बराच काळ शाबूत राहतात. गौरींचा सोळा पदरांचा दोरा हळदीत भिजवून त्याला सोळा गाठी मारायला बसवले, तर नातवाचे नाव न आठवणारी आजी बोटांनी गाठीमागून गाठ मारत जाते. सोळाची मोजणी चुकलीच, तर शेजारी बसलेल्याने ती मनातल्या मनात ठेवावी. हळद पिकवणाऱ्या हिंगोलीच्या या मुलखात तो पिवळा रंग आणि तो वास यांची ओळख कोणत्याही नावापेक्षा जुनी असते. संत नामदेवांचे गाव मानल्या जाणाऱ्या नरसी नामदेवच्या परिसरात हयातभर भजनात बसलेल्या आजोबांना साधे वाक्य जुळवता येत नसतानाही अभंगाची चाल साथ देऊ शकते, कारण गाण्याची स्मृतीही उशिरापर्यंत टिकते.

गर्दीचा धोका वेगळा असतो. हिंगोलीचा दसरा महोत्सव दीडशेहून अधिक वर्षांचा आहे आणि अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या मोदकासाठी प्रचंड रांगा लागतात. अशा ठिकाणी हात सुटला की हरवायला क्षण पुरतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटातील संस्कृत पंडित हत्तीच्या मागे जाऊन असाच हरवतो. खिशात नाव, गाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी असावी, आणि शक्यतो गर्दीचे दर्शन टाळून आडवारी न्यावे. सणात जेवण लांबते, पाणी कमी प्यायले जाते, बद्धकोष्ठ होते. यांतून किंवा लघवीच्या संसर्गातून एक-दोन दिवसांत अचानक भ्रम वाढला, तर तो आजाराचा नेहमीचा उतार नसतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

सर्वांत कमी बोलले जाते ते सांभाळणाऱ्या व्यक्तीबद्दल, आणि ती बहुतेक घरांत सून असते. वर्षभर सासूला न्हाऊ-जेवू घालणारी, रात्री उठून दाराची कडी तपासणारी हीच बाई सणाला चाळीस माणसांचे पुरणही वाटते, आणि वर ‘आईंची तब्येत उतरली’ हा शेराही तिलाच ऐकावा लागतो. ही रीत बदललीच पाहिजे. मनमोकळे बोलण्यासाठी 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस आणि 14567 ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची सरकारी हेल्पलाइन विनामूल्य उपलब्ध आहे, हिंगोलीला जिल्हा रुग्णालय आणि 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु रुग्णाला तिथपर्यंत घेऊन जाणारे माणूस घरातलेच लागते. म्हणून बाहेरगावाहून येणाऱ्या लेकीलेकांनी महालक्ष्म्यांच्या तीन रात्री आईच्या खोलीत स्वतः झोपावे, वहिनीला सलग झोप मिळू द्यावी, आणि विसर्जनाच्या संध्याकाळी बॅग भरण्याआधी पुढच्या तपासणीला आईला कोण नेणार, हे तारखेसह ठरवूनच गाव सोडावे.