बारशाला बाळाचा पापा नको

ताप उतरता उतरता ओठाच्या कडेला पाणीदार बारीक फोडांचा पुंजका उठतो आणि आठ-दहा दिवसांत खपली धरून जातो. ब्रिटनमध्ये याला कोल्ड सोअर म्हणतात आणि केमिस्टकडून असायक्लोव्हिरचं मलम आणून लावतात. हे काम हर्पिस सिम्प्लेक्स-१ या विषाणूचं. नागिणीचा विषाणू वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांच्या शरीरात हर्पिस सिम्प्लेक्स-१ आहे. एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी तो जन्मभर दडून राहतो. त्याची धास्ती लोक घेतात ती ऑफिसातल्या मगची आणि पाहुण्यांच्या टॉवेलची. तान्ह्या बाळाचा पापा मात्र कुणाला खटकत नाही. माझ्या मते खरी काळजी तिथेच घ्यायला हवी.

या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं आणि ते सुकलं की तो निकामी होतो. म्हणून वस्तूंवरून तो क्वचितच पसरतो; लाळ किंवा त्वचेचा थेट स्पर्श ही त्याची खरी वाट. रग्बीच्या झोंबाझोंबीत गालाला गाल घासून खेळाडूंना हाच संसर्ग होतो, त्याला तिथे स्क्रमपॉक्स असं नावच पडलं आहे. मग ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस चमचे आणि लिपस्टिक वेगळी ठेवायला का सांगते? फोड ओला असताना त्यात विषाणू भरपूर असतो आणि तेवढे दिवस ही काळजी घेणं मुळीच जड नाही. खपली पडून त्वचा पूर्ववत झाली की कुणाचं ताट वेगळं मांडण्याचं कारण उरत नाही. पण ओठ चुरचुरू लागल्यापासून फोड पूर्ण बरा होईपर्यंत संसर्गाचा जोर सर्वाधिक असला, तरी मधल्या काळात फोड नसतानाही लाळेतून विषाणू अधूनमधून बाहेर पडतो. त्यामुळे ‘मला तर काहीच झालेलं नाही’ हे उत्तर पुरेसं नाही.

‘आम्हीही पापे घेऊनच मुलं वाढवली’ हा आक्षेप आजी-आजोबा मनापासून घेतात आणि त्यात तथ्य आहे. आईला हा संसर्ग पूर्वी झालेला असेल तर तिची प्रतिपिंडं गर्भातच बाळाला मिळतात. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये १० ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये ही प्रतिपिंडं आढळण्याचं प्रमाण १९८६-८७मध्ये ३४ टक्के होतं, ते १९९४-९५मध्ये २४ टक्क्यांवर आलं. ती मुलं केव्हाच आईबाप होण्याच्या वयाची झाली आहेत, आणि लहानपणी संसर्ग न झालेल्या आईकडे बाळाला देण्यासारखं हे कवच नसण्याचा संभव मोठा. नवजात बाळाचा हर्पिस दुर्मीळ आहे, पण पहिल्या चार आठवड्यांत झाला तर यकृत आणि मेंदूपर्यंत पोचू शकतो. अंगावर एकही फोड नसताना बाळ दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं; अशा वेळी थांबू नये, शिरेतून असायक्लोव्हिर जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. एका नवजात बाळाच्या हर्पिसने झालेल्या मृत्यूनंतर स्थापन झालेली ब्रिटनमधली किट टार्का फाउंडेशन ही संस्था हात धुण्याचा आणि पापा न घेण्याचा आग्रह धरते. आपलं बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे नेमकं या धोक्याच्या आठवड्यांत येतं. लंडनकडच्या हॅरो-स्लाउमधल्या मराठी घरांत त्या दिवशी बाळ वीस जणांच्या हातांतून फिरतं आणि बाळंतिणीला सासरच्या वडीलधाऱ्यांना अडवणं अवघड जातं. तेव्हा हे सांगण्याचं काम बाळाच्या बाबांनी घ्यावं, आमंत्रणाच्या निरोपातच घालावं: हात धुवा, मांडीवर घ्या, पापा नको. खुद्द आईच्याच ओठावर फोड आला तर तिने तो झाकावा, हात धुवावेत, पापा टाळावा. फोड स्तनावर नसेल तर अंगावर पाजणं बंद करायची गरज नाही.