तरावीहमध्ये लागलेली धाप

रमजानमध्ये रात्री ईशाच्या नमाजनंतर तरावीहची विशेष नमाज होते. बराच वेळ उभे राहायचे, वाकायचे, कपाळ जमिनीला टेकायचे, पुन्हा उठायचे. गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा चार रकातींनंतरच भिंतीला टेकून बसू लागले. विचारले की म्हणायचे, "इफ्तारला भजी जास्त झाली. पित्त आहे, दुसरं काही नाही."

चाचींच्या मात्र आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. एका उशीवर झोपणारे चाचा आता दोन उशा घेत होते, कारण आडवे पडले की दम लागायचा. चाचींनी हट्टाने ईसीजी काढायला लावला आणि आठवड्याभरात चाचांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. चाचींनीही पित्तावर विश्वास ठेवला असता, तर यंदाची पहिली सहेरी त्या घरात कशी झाली असती, कोण जाणे.

हृदयविकार म्हटला की सिनेमातला प्रसंग आठवतो. माणूस छाती धरतो आणि कोसळतो. खरा आजार पुष्कळदा दबक्या पावलांनी येतो. रोजचा चढ चढताना धाप लागणे, कारण नसताना थकवा, जबडा, पाठ, खांदा किंवा डावा हात दुखणे, मळमळ, थंड घाम, संध्याकाळी पाय सुजणे ही त्याची चाहूल असू शकते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो.

अभिनेते श्रेयस तळपदे यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. १४ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, चित्रीकरण संपवताना त्यांना दम लागला आणि डावा हात दुखू लागला. धावपळीच्या दृश्यांमुळे स्नायू आखडला असेल, असे त्यांना वाटले. रुग्णालयाच्या वाटेवरच त्यांची शुद्ध हरपली. विजेचा झटका देऊन आणि अँजिओप्लास्टी करून डॉक्टरांनी त्यांना वाचवले. आधी काही दिवस थकवा जाणवत होता, हे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितले.

मुंबईत रुग्णालय जवळ असते. आपल्याला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे तर तीन-साडेतीन तास जातात. म्हणून संशय आला की थेट मोठ्या शहराची गाडी शोधू नये. १०८ ला फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढावा. झटक्याच्या ठरावीक प्रकारात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन गावातच देता येते आणि ते जितके लवकर मिळेल तितके हृदय वाचते. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. शेजाऱ्याने सांगितली म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नये. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घातक ठरते. आणि मगरिबची अजान होईपर्यंत थांबू तर मुळीच नये.

इथे धर्म आडवा येत नाही. आजारी माणसाने आणि प्रवाशाने रोजा न ठेवता तो पुढे भरून काढावा, ही सवलत कुरआननेच दिली आहे. आजार कायमचा असेल तर रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण द्यायचे, त्याला फिदया म्हणतात. तरीही "एवढी वर्षं एकही रोजा चुकला नाही" या अभिमानापायी कितीतरी वडीलधारे औषधे लपवून उपास करतात.

स्टेंट बसला म्हणजे आजार गेला, असेही नाही. एक अडथळा दूर झालेला असतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या अचानक बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. झटक्यानंतर अशा दोन गोळ्या सहसा वर्षभर चालतात. त्यातली काही बारा-बारा तासांनी घ्यायची असते, काही दिवसातून एकदा. त्यामुळे रोजा ठेवायचा की नाही आणि गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या, हे रमजान लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बायपास झालेल्यांच्या छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हातांवर भार देऊन सजद्यातून उठणे टाळावे. खुर्चीवर बसूनही नमाज होते.

एक गोष्ट रिपोर्टमध्ये दिसत नाही. उपचारानंतर माणूस आतून घाबरतो. चाचा दोन महिने जिना उतरले नाहीत, रात्री नाडी मोजत बसायचे. त्यांना बाहेर काढले ते शेजारच्या जोशीकाकांनी. डॉक्टरांची परवानगी विचारून ते चाचांना रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर न्यायचे. आधी दहा मिनिटे, मग वीस, मग अर्धा तास.

यंदा चाचांचे रोजे नाहीत. इफ्तारला ते सगळ्यांबरोबर बसतात, एक खजूर खातात आणि भज्यांची थाळी पुढे सरकवतात. तरावीहला मागच्या रांगेत त्यांची खुर्ची असते. आपल्या घरात कोणी दुसरी उशी मागू लागले असेल, तर आज रात्रीच विचारा, का?