कमाई निम्मी, आयुष्य अधिक

दोन देशांतल्या लोकांचे जगणे ताडून पाहायचे म्हटले की आधी दरडोई उत्पन्न विचारले जाते. त्यावरून देशाला काय परवडेल ते कळते. लोकांच्या पदरात काय पडले ते कळत नाही. भारत आणि बांगलादेश शेजारी मांडले की हा फरक स्वच्छ दिसतो.

१९९० मध्ये भारताचे दरडोई उत्पन्न, क्रयशक्तीच्या हिशेबाने, बांगलादेशाच्या दीडपटीहून थोडे अधिक होते. २०११ पर्यंत ते बांगलादेशाच्या जवळपास दुप्पट झाले. अर्भकमृत्यूचा हिशेब मात्र उलटा फिरला. १९९० मध्ये वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण बांगलादेशात जास्त होते. २०११ च्या अंदाजांनुसार तिथे ते हजारी ३७ वर आले, भारतात ४७ वर राहिले. सरासरी आयुर्मानातही बांगलादेश तीन-चार वर्षांनी पुढे गेला. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात ही तफावत ठळकपणे मांडली.

त्याच वर्षीच्या मानव विकास अहवालात मात्र भारत १३६ वा आणि बांगलादेश १४६ वा होता. अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० पासून निघणाऱ्या या अहवालातल्या निर्देशांकात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र होतात. उत्पन्नात आणि मुलांच्या शालेय शिक्षणाच्या अपेक्षित वर्षांत भारत वरचढ होता, त्यामुळे आयुर्मानातली पिछाडी एकत्रित आकड्याखाली झाकली गेली. म्हणूनच तुलना करताना घटक सुटे करून पाहणे भाग आहे.

बांगलादेशाने आयुर्मानातली ही आघाडी साधली ती मुख्यतः स्वस्त उपाय थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचवून. जलसंजीवनीचे उदाहरण पाहावे. मीठ आणि साखर एकत्र पोटात गेली की आतडे दोन्ही एकदम शोषते आणि त्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. जुलाबाने सुकत चाललेले मूल त्यामुळे सलाइनशिवाय वाचते. १९६० च्या दशकात ढाका आणि कोलकाता इथल्या संशोधनातून हा उपचार तयार झाला. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधील सीमेजवळच्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरला.

हे ज्ञान दवाखान्यातून स्वयंपाकघरात नेले ते ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेने. १९८० ते १९९० या काळात तिच्या महिला कार्यकर्त्या सुमारे १ कोटी २० लाख घरांत गेल्या आणि प्रत्येक आईकडून पाणी करवून घेतले: तीन बोटांची चिमूट मीठ, चार बोटांवर मावेल एवढा गूळ, अर्धा शेर पाणी. नंतर तपासनीस काही घरांत जाऊन आईला काय आठवते ते विचारत, आणि तिच्या उत्तरांवर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. सुरुवातीला कृती पाठ झाली, तरी वापर थोडाच होता. चौकशीअंती कळले की खुद्द कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना काहीच सांगितले गेले नव्हते. दोन्ही उणिवा दूर केल्यावर वापर वाढला. सार्वजनिक आरोग्यात इतकी चिकाटी आणि आपलेच काम तपासण्याची इतकी तयारी फार दुर्मीळ आहे.

कुटुंबनियोजनाची साधनेही अशीच महिला कर्मचाऱ्यांनी दारोदार पोचवली. १९७० च्या दशकात बाईमागे सहाच्या वर असलेला जननदर २०११ मध्ये २.३ वर आला. १९९४ पासून ग्रामीण मुलींना माध्यमिक शाळेसाठी सरकारी विद्यावेतन मिळू लागले. हजेरी, गुण आणि अविवाहित राहणे या त्याच्या अटी होत्या. शौचालयांचेही तसेच. २०११ च्या सुमारास भारतातली निम्मी कुटुंबे शौचाला उघड्यावर जात होती, बांगलादेशात हे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी होते.

याचा अर्थ बांगलादेशातले जगणे सर्वच बाबतींत बरे झाले, असा नाही. तिथे निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलींची लग्ने अठराच्या आत होत राहिली. कपड्यांच्या कारखान्यांनी लाखो बायकांच्या हाती पहिल्यांदा पगार दिला. पण २४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, त्यात बायकाच जास्त होत्या. आयुर्मानाच्या आकड्यात कामाच्या जागेची सुरक्षितता वेगळी दिसत नाही.

दुसरी अडचण देशाच्या सरासरीची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात केरळमध्ये अर्भकमृत्यू हजारी ४.४, तर उत्तर प्रदेशात ५०.४ होते. ‘भारतातले जगणे’ म्हणताना या दोहोंपैकी कोणते, हे सांगितल्याशिवाय तुलना अपुरीच राहते. त्याच सर्वेक्षणानुसार उघड्यावर जाणारी कुटुंबे १९ टक्क्यांवर आली होती, म्हणजे २०११ चे चित्र आजचे म्हणून वापरता येत नाही.

उपायांची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिथे नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यात घरपोच काळजीचा प्रयोग झाला आणि मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. तो अहवाल २००८ चा. भारतात आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत २०११ पासून देशभर सुरू झाली.