पॅकिंगचा दिवस

सकाळी साडेआठ. नोएडातल्या सेक्टर ४९ मधल्या बरोला गावात गॅरेजची शटरं वर होऊ लागली आहेत. फेब्रुवारीची थंडी अजून अंगाला लागते. माझी २०१२ ची पल्सर १५० स्टँडवर लावून मिस्त्रींनी आधी पाच मिनिटं सुरू ठेवली. ऑइल कोमट झालं की झरझर उतरतं आणि सोबत तळाचा गाळही घेऊन जातं. खालचा बोल्ट सुटला आणि काळं ऑइल परातीत पडू लागलं.

गळती कुठून आहे याचा शोध आदल्या संध्याकाळीच लागला होता. ब्लॉकच्या पंख्यांवर ऑइल पसरलं की सगळंच इंजिन ओलं दिसतं आणि दोष भलत्याच पॅकिंगच्या माथी येतो. मिस्त्रींनी इंजिन धुऊन कोरडं केलं, त्यावर टाल्कम पावडर शिंपडली आणि डीएससी रोडवर भंगेलपर्यंत एक फेरी मारून आणायला सांगितलं. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीत ब्लॉकच्या बुडाशी एक ओली रेघ उमटलेली होती. हेडच्या पुढच्या बाजूला काजळीचा डाग होता. म्हणजे बेस पॅकिंग आणि हेड पॅकिंग, दोन्ही.

नऊ ते साडेदहा. हेडला अजून हात लावायचा नाही. इंजिन तापलेलं असताना नट सोडले तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकू शकतं. ते निवेपर्यंत सीट, टाकी, कार्बोरेटर, सायलेन्सर, दोन्ही स्पार्क प्लग उतरले. प्रत्येक जोडीचे बोल्ट वेगळ्या डबीत. सायलेन्सरच्या गंजलेल्या नटांवर रात्रभर ऑइल मुरवत ठेवलं होतं, त्यामुळे स्टड तुटला नाही. तुटला असता तर दिवस तिथेच संपला असता.

साडेदहा. मॅग्नेटोवरची टायमिंगची खूण जुळवून पिस्टन वरच्या टोकाला आणला. चेनचा टेन्शनर काढला, कॅमचा स्प्रॉकेट सुटला आणि चेन तारेने फ्रेमला बांधली. ती आत घसरली तर बाहेर काढताना नाकी नऊ येतात. मग हेडचे नट तिरपे, समोरासमोरचे, प्रत्येक थोडा थोडा ढिला. रबरी हातोड्याची एक हलकी थाप, आणि हेड हातात. त्यामागून ब्लॉक.

अकरा ते दीड. दिवसाचं खरं काम इथे आहे, आणि गडबडीत सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. आधी कोणीतरी कुठल्यातरी गॅरेजात पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापलं होतं. कागदासारखं जुनं पॅकिंग त्याच्याबरोबर धातूला चिकटून कडक झालेलं. क्रँककेसच्या तोंडात मिस्त्रींनी स्वच्छ फडकं कोंबलं, म्हणजे एक कणही आत जायचा नाही. मग ती जागा पेट्रोलने ओली केली. जुन्या काळी पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. नव्यात ते बहुतेकदा नसलं तरी ओलं करून खरवडण्याची सवय त्यांनी सोडलेली नाही. ही सवय प्रत्येक गॅरेजात असायला हवी असं मला मनापासून वाटतं. तिथे काम करणारी बरीच पोरं तोंडाला रुमालही बांधत नाहीत.

खरवडायला स्क्रू ड्रायव्हर नाही. ब्लेड आडवं धरून, धातूला टेकवून, जेमतेम रेटा देत. अ‍ॅल्युमिनियमवर एक ओरखडा उठला की तो ऑइलची वाट होतो, मग वर कितीही चांगलं पॅकिंग लावा. "पॅकिंग तो दो मिनट में लगती है, सर. दिन सफ़ाई में जाता है," मिस्त्री मान वर न करता म्हणाले. डोवेल पिनांच्या भोवतालची कड, ऑइलचं भोक, स्टडांच्या मुळाशी साचलेली काजळी, सगळीकडे बोट फिरवून ते पाहत होते. डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा बोटाला कळतो. शेवटी हेडवर स्टीलची सरळ पट्टी उभी-आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेजची पाती सरकवून पाहिली. कुठेच आत गेली नाही. हेड सरळ होतं.

पॅकिंग का फाटलं, याचं उत्तर ब्रीदरच्या नळीत सापडलं. ती गाळाने जवळजवळ बुजली होती. क्रँककेसमधला दाब बाहेर पडायला वाट नसली की तो पॅकिंगवर येतो. नळी साफ न करता नुसतं पॅकिंग बदललं असतं, तर काही महिन्यांत तेच पुन्हा.

दीड वाजता जेवण. समोरच्या ठेल्यावर छोले-कुलचे.

बोलता बोलता विषय गाडीच्या वयावर आला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या चालवू नयेत, यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं. अंमलबजावणीवरून नंतर न्यायालयात बरंच घडलं, पण नोएडा याच क्षेत्रात येतं आणि माझ्या गाडीला २०२७ मध्ये १५ वर्षं होतात. इथली हवा ज्याने नोव्हेंबरात घेतली आहे, तो या नियमामागची तळमळ नाकारणार नाही. तरी गळकं इंजिन, जळणारं ऑइल, बुजलेला ब्रीदर हे दोष वयाचे नाहीत, हयगयीचे आहेत. ते आठ वर्षांच्या गाडीतही असतात, आणि तिथे ते कोणी मोजत नाही. ही गाडी चिंचवडला घेतली होती. तिला परत तिकडे न्यायचं मी ठरवलं आहे. महाराष्ट्रात तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. ती तपासणी तिने नीट पार करावी म्हणून आजचा खटाटोप.

अडीच. पॅकिंगचं किट करोलबागेतल्या नाईवाला गल्लीतून आणलं होतं. मिस्त्रींनी जुन्या बेस पॅकिंगचा शाबूत तुकडा आणि नवं पॅकिंग शेजारी धरून जाडी ताडली. हे जाड निघालं तर ब्लॉक वर उचलला जातो, कम्प्रेशन घटतं आणि कॅमचं टायमिंगही किंचित हलतं. स्वस्त किटमध्ये नेमकी इथेच फसगत होते.

पिस्टन कनेक्टिंग रॉडवरच होता. रिंगांची तोंडं एका रेषेत येणार नाहीत अशी फिरवली, सगळ्याला ताजं ऑइल लावलं. ब्लॉक मी दोन्ही हातांनी तोलून धरला, मिस्त्री बोटांनी एकेक रिंग दाबत गेले आणि ब्लॉक अलगद खाली बसला. हेड पॅकिंग कोरडंच लावलं, सिलिकॉनचा थेंबही नाही. मग टॉर्क रेंच. पुन्हा तिरपे, तीन टप्प्यांत. बऱ्याच गॅरेजात हे हाताच्या अंदाजावर होतं. यांनी रेंच विकत घेतली आहे आणि ती फडक्यात गुंडाळून ठेवतात.

साडेचार. चेन, स्प्रॉकेट, खुणा पुन्हा तपासल्या. टेन्शनर बसवून इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवलं. वॉल्व्ह पिस्टनला कुठे अडत असेल तर ते इथे हाताला कळतं. स्टार्टरने फिरवलं तर आवाजाने कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. थंड इंजिनावर टॅपेट लावले. नवं २० डब्ल्यू ५० ऑइल भरलं.

सव्वासहा. दोन-तीन किकांत गाडी सुरू झाली. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, जोडताना लावलेलं ऑइल जळत होतं. थोड्या वेळाने तो विरला. इंजिन चांगलं तापू दिलं आणि टॉर्चच्या उजेडात पॅकिंगच्या दोन्ही रेघा सगळ्या बाजूंनी पाहिल्या. कोरड्या.

गाडी मात्र रात्रभर तिथेच राहिली. सकाळी थंड इंजिनावर हेडच्या नटांवरून पुन्हा रेंच फिरवायची आहे. पहिले काही दिवस तिला दमाने चालवायचं, आणि ५०० किलोमीटरला ऑइल बदलायला परत आणायचं.