छप्पर अर्धा मीटर वर

इंग्लंडच्या शहरांत एकमेकांना खेटून बांधलेल्या घरांच्या लांबच लांब ओळी आहेत. बाजूला जागा नाही, मग वाढायचे ते माळ्यावर. समजा, पुढच्या व मागच्या भिंतीत 8 मीटर अंतर आहे आणि आढे माळ्याच्या जमिनीपासून 2 मीटर उंच आहे. दीड मीटरहून अधिक उंची मिळते ती मधल्या 2 मीटरच्या पट्ट्यात. उतार तोच ठेवून सारे छप्पर अर्धा मीटर उचलले, की पट्टा 4 मीटरचा होतो! नुसते आढे तेवढेच उचलले, तर 3.2 मीटर. (समरूप त्रिकोण काढून पडताळा घ्या.)

मग अडते कुठे? वासे खालच्या टोकांनी भिंतींना बाहेर रेटतात. ही टोके जोडणारी आडवी तुळई रेटा पेलते. दोन पुठ्ठे माथ्याशी चिकटवून गुळगुळीत टेबलावर तंबूसारखे उभे करा, तळाशी दोरा बांधा आणि वरून दाबत दोरा कापा. पाय फाकतात. वासे नव्या बुटक्या भिंतींवर चढवले, की तुळई खालीच राहते, म्हणजे दोरा कापल्यासारखेच. म्हणून आढ्याखाली भक्कम तुळई घालून भार दोन्हीकडच्या सामाईक भिंतींवर देतात. त्या भिंती शेजाऱ्यांच्याही असल्याने 1996 च्या कायद्याप्रमाणे त्यांना दोन महिने आधी लेखी कळवावे लागते. आढे उंचावायला नगरपालिकेची परवानगी लागते, ती वेगळीच.