पायथन घरी-दारी (भाग ६) : आधी ‘शिल्लक’ लिहून बघा

मागच्या आठवड्यापर्यंत आपला पावतीचा प्रोग्राम काळ्या पडद्यावर चालत होता. खोली क्रमांक विचारायचा, रक्कम विचारायचा आणि सीएसव्ही फाइलमध्ये एक ओळ वाढवायचा. हिशेब चोख होता. प्रश्न एवढाच, की तो चालवणार कोण? ठाण्यात टेंभी नाक्याच्या आसपासच्या एखाद्या जुन्या इमारतीची सोसायटी डोळ्यांसमोर आणा. खजिनदार म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. मेंटेनन्सचा चेक घेऊन कोणी दारात आले, की त्यांना महिना निवडायचा, रक्कम भरायची आणि पावती छापायची. त्यांना कमांड पाठ करायला सांगितल्या, तर ते मुकाट्याने पावतीपुस्तक आणि कार्बन पेपर काढतील, आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. त्यांना चौकटी, बटणे आणि यादी असलेली खिडकी हवी. ती बांधायला पायथनमध्ये साधने भरपूर आहेत. आज त्यातले एक निवडायचे आणि बसवायचे.

उमेदवार कोण कोण?

पहिला टीकिंटर. जॉन ओस्टरहाउट यांनी अमेरिकेत बर्कलीला टीसीएल आणि टीके तयार केले. टीकिंटर हा त्या टीकेकडे जाणारा पायथनचा दरवाजा. तो पायथनसोबतच येतो, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. जुन्या, अशक्त मशीनवरही चालतो. दिसायला जरा जुनाट, पण टीटीके हा त्याचाच भाग वापरला तर बरा दिसतो.

दुसरा क्यूटी. मूळचा नॉर्वेचा, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला. पायथनमधून त्याच्याकडे जायच्या वाटा दोन : पायक्यूटी आणि पायसाइड. दोन्हींचा कोड जवळजवळ सारखा, फरक परवान्यात. पायक्यूटी ही रिव्हरबँक कंप्युटिंग या कंपनीची. जीपीएल पाळा, म्हणजे आपलाही कोड खुला ठेवा, किंवा पैसे भरून व्यावसायिक परवाना घ्या. पायसाइड ही क्यूटीवाल्यांची अधिकृत. तिला एलजीपीएल हा त्याहून सैल परवानाही चालतो. सोसायटीच्या ऑफिसात वापरायचे तर दोन्हींपैकी काहीही चालेल. उद्या हाच प्रोग्राम कोड बंद ठेवून इतर सोसायट्यांना विकायचा विचार असेल, तर पायसाइड सोयीचे.

तिसरा डब्ल्यूएक्सपायथन. त्यातली बटणे ही त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची असतात, म्हणून विंडोजवर तो अगदी विंडोजसारखा दिसतो. चौथा किव्ही, बोटाने चालवायच्या पडद्यांसाठी आणि मोबाइलसाठी. आपल्या कामाला हे दोघे लागणार नाहीत, नावे ओळखीची असावीत इतकेच.

खरी परीक्षा मराठीची

इंग्रजी पुस्तकांत या साधनांची तुलना रूप, वेग आणि परवाना यांवर होते. आपली पावती मराठीत छापायची असल्याने आपल्याला आणखी एक विषय आहे, आणि नापास व्हायची भीती त्यातच जास्त.

देवनागरी अक्षर संगणकात साठवले जाते एका क्रमाने आणि पडद्यावर उमटते दुसऱ्या. ‘शि’ साठवताना आधी श, मग ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना वेलांटी आधी. ‘मार्च’मधला रफार साठवताना च च्या आधी येतो आणि दिसताना च च्या डोक्यावर चढतो. ही जुळणी करण्याचे काम एका वेगळ्या घटकाकडे असते. क्यूटीमध्ये ते काम हार्फबझ करते, म्हणून क्यूटीची खिडकी विंडोजवर, लिनक्सवर, कुठेही उघडा, मराठी सरळच दिसते. टीकिंटर विंडोजवर हे काम विंडोजकडून करून घेतो, त्यामुळे तिथेही ठीक. लिनक्सवर मात्र सर्रास आढळणाऱ्या टीकेच्या ८.६ आवृत्तीत ही जुळणी होत नाही. ‘शिल्लक’मधली वेलांटी श च्या मागे जाऊन बसते, दोन ल सुटे होतात आणि मध्ये हलन्त लोंबकळतो. किव्हीचीही नेहमीची अक्षरव्यवस्था देवनागरीत अशीच अडखळते. पँगो हा अक्षरजुळणीचा घटक वेगळा जोडला तर सुधारते.

म्हणून साधन कोणतेही घ्या, पहिल्या खिडकीत एकच ओळ लिहून बघा : ‘शिल्लक, मार्च, विठ्ठल, ज्ञानेश्वर, कुऱ्हाड, टेंभी नाका’. वेलांटी, रफार, ठ्ठ, ज्ञ, ऱ्ह आणि मात्रेवरचा अनुस्वार असे सगळे अवघड प्रसंग तिच्यात आले. आणि ती बघायची प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर नाही, तो जिथे चालणार त्या मशीनवर. अनेकदा लिहिणारा असतो उबुंटूवर, वापरणारा विंडोजवर, किंवा उलट.

फॉन्टचेही तसेच. विंडोज ७ मध्ये ‘मंगल’ असतो. विंडोज १० मध्ये ‘निर्मला यूआय’ असतोच, ‘मंगल’ मात्र वेगळा मागवावा लागू शकतो. क्यूटीत फॉन्टची फाइल प्रोग्रामसोबतच देता येते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट त्यासाठी चांगला. सभासदांची जुनी यादी श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेली असेल, तर ती कोणत्याच साधनात वाचता येणार नाही. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

एक सुखद गोष्टही सांगायला हवी. काकांनी रकमेच्या चौकटीत ‘१५००’ असे मराठी आकडे भरले, तरी पायथनचे ‘इंट’ हे फंक्शन ते बिनतक्रार पंधराशे म्हणून घेते. त्यासाठी वेगळा कोड नको.

पवईत काय वापरतात?

ठाण्याहून जवळच, पवईच्या आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प चालतो. तिथले ‘ऑसडॅग’ हे सॉफ्टवेअर आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकानुसार पोलादी बांधकामाचे जोड आणि भाग डिझाइन करते. लिहिले आहे पायथनमध्ये, खिडकी पायक्यूटीची. ‘ईसिम’ हे इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठीचे सॉफ्टवेअरही तिथलेच, तेही पायक्यूटीवर. दोन्हींना नुसत्या चौकटी पुरत नाहीत. एकाला त्रिमितीय जोड फिरवून दाखवायचा असतो, दुसऱ्याला वेगवेगळे प्रोग्राम एका छताखाली आणायचे असतात. अशा कामाला क्यूटी सोयीचा पडतो. आणि कोड मुळातच खुला असल्याने जीपीएलची अट अडचणीची ठरत नाही.

आपल्याला जास्त उपयोगी धडा मात्र ‘मायावी’कडून मिळतो. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्रभू रामचंद्रन यांनी लिहिलेले हे त्रिमितीय आलेखांचे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. त्याची खिडकी ‘ट्रेट्सयूआय’ या थरातून उभी राहते, आणि त्याखाली क्यूटी किंवा डब्ल्यूएक्स, कोणतेही साधन चालते. गणित एकीकडे, खिडकी दुसरीकडे. आपणही तेच करायचे : पावतीचा हिशेब एका फाइलमध्ये, खिडकी दुसऱ्या. उद्या ऑफिसातला संगणक बदलला आणि साधन बदलायची वेळ आली, तर अर्धेच काम पुन्हा करावे लागेल.

मग निवड कशी करायची?

मशीनसमोर बसून. विंडोज १० किंवा पुढचे, ६४ बिट असेल तर पायसाइड ६ घ्या. कारण मराठीची जुळणी आणि छपाई. क्यूटीत प्रिंटरला पावती पाठवायची आणि पीडीएफ करायची सोय आहे, आणि तिथेही जोडाक्षरे शाबूत राहतात. टीकेच्या ८.६ आवृत्तीत छपाईची सोय नाही. पीडीएफ करणारी वेगळी लायब्ररी जोडावी लागते आणि तिच्या मराठीची परीक्षा पुन्हा नव्याने घ्यावी लागते.

मशीन विंडोज ७ चे असेल तर क्यूटी ६ तिथे चालणार नाही. पायथनही ३.८ च्या पुढचे बसत नाही, आणि ३.८ ला आता सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. तिथे टीकिंटर वापरा, संगणक इंटरनेटपासून दूर ठेवा आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत नव्या संगणकाचा विषय काढा.

बसवण्याची रीत

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे. टाइप करताना रोमन अक्षरेच वापरायची.

विंडोजवर पायथनच्या अधिकृत साइटवरून इन्स्टॉलर घ्या. पहिल्याच पडद्यावर तळाशी ‘ॲड पायथन टू पाथ’ अशी चौकट असते. तिच्यात खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पायथन -एम टीकिंटर’ द्या. एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात टीकेची आवृत्ती आणि दोन बटणे दिसतात. ती दिसली म्हणजे टीकिंटर तयार.

पायसाइडसाठी आधी या प्रोग्रामपुरते वेगळे वातावरण करा : ‘पायथन -एम व्हेन्व पावती’. ‘पावती’ नावाचे फोल्डर तयार होईल. त्यातल्या ‘स्क्रिप्ट्स’मधली ‘ॲक्टिव्हेट’ चालवली, की ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘पावती’ दिसू लागते. पॉवरशेलमध्ये हीच पायरी ‘स्क्रिप्ट चालवायला मनाई’ म्हणून अडते. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ती अडचण येत नाही. त्यानंतर ‘पिप इन्स्टॉल पायसाइड६-एसेन्शियल्स’. पूर्ण पायसाइड घेतले तर थ्रीडी, वेब, मल्टिमीडिया असा आपल्याला न लागणारा पसारा येतो आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा संपतो. एसेन्शियल्समध्ये खिडकी आणि छपाई दोन्ही आहेत.

उबुंटूवर टीकिंटर वेगळे मागवावे लागते : ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-टीके’. आणि तिथे थेट पिप चालवले तर नव्या आवृत्त्यांमध्ये ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असा नकार येतो. घाबरू नका, सिस्टिमच्या पायथनला धक्का लागू नये म्हणून तो असतो. वेगळे वातावरण केले, की पिप मुकाट चालते. त्यासाठी ‘पायथन३-व्हेन्व’ हे पॅकेज आधी घालून घ्या.

या आठवड्याचा अभ्यास

ज्या संगणकावर पावती छापायची आहे, त्याच्यापुढे जाऊन चार गोष्टी टिपून आणा : विंडोजची आवृत्ती, ३२ बिट की ६४, रॅम किती, आणि प्रिंटर कोणता. मग निवडलेले साधन तिथे बसवा आणि ‘शिल्लक’ची ती ओळ खिडकीत दाखवा. एकही वेलांटी जागची हलली तर साधन बदला, आत्ताच. वीस चौकटी मांडून झाल्यावर बदलायचे ठरवले, तर सगळी मांडणी मोडावी लागते.

पुढच्या भागात खोली क्रमांकाची यादी, महिना निवडायची सोय आणि रकमेची चौकट मांडू. चेक क्रमांक रिकामा ठेवून कोणी ‘छापा’ दाबले तर खिडकीने काय करायचे, तेही तेव्हाच ठरवू.